पंचवीस फुटांवरचा झरा

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या बाई चाळिशीच्या आतल्या. नवरा चाकणला कंपनीत आहे, आठवड्यातून एकदा घरी येतो, आणि ४ एकर शेती त्या स्वतः बघतात. आजेसासऱ्यांनी खोदलेली विहीर आहे, ४५ फूट खोल, २० फूट व्यासाची. पूर्वी ती एप्रिल संपेपर्यंत साथ द्यायची. गेली दोन वर्षं फेब्रुवारीतच तळ दाखवते. त्याच सुमारास शेजारच्या वावरात चुलत सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, ४२० फुटांची बोअर घेतली. "आमचं पाणी त्यांनी ओढलं," असं घरात सगळ्यांचं मत आहे आणि दोन घरांत बोलणं बंद आहे. दीर म्हणतात, संक्रांत झाली की आपणही ५०० फूट जाऊ. पाणाड्याने नारळ हातावर धरून दोन जागा दाखवल्यात. सासरे म्हणतात, बोअर नको, विहीरच आणखी २ परस खाली नेऊ. नवरा म्हणतो, तुम्ही ठरवा, पैशाचं मी बघतो. पैसे म्हणजे सोसायटीचं कर्ज किंवा बाईंचे दागिने. "विचारतात सगळे मलाच, आणि ऐकत कुणीच नाही," असं त्यांनी लिहिलंय. त्यांचे प्रश्न दोन : बोअर घ्यावी की विहीर खोल करावी? आणि नानांवर काही कायदेशीर करता येईल का? सहीच्या खाली ताजा कलम आहे : "विहिरीत पश्चिमेच्या अंगाला २५ फुटांवर झरा आहे, पाणी तिथूनच येतं, असं मामंजी सांगतात. पाऊण एकर ऊस आहे, तो मात्र मोडायचा नाही."

*

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना ताज्या कलमाशी अडकले. तुम्ही जे जाता जाता लिहिलंय ना, त्यातच तुमच्या पत्राचं बरंचसं उत्तर आहे. बाकीचं उत्तर नानांच्या घरी आहे. त्याच्याकडे मी येतेच.

आधी तो झरा. मामंजी म्हणतात तसं पाणी खरंच २५ फुटांवर येत असेल, तर तुमची विहीर म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २५ फुटांपर्यंत ती विहीर आहे. त्याखालचे २० फूट म्हणजे कातळात कोरलेली टाकी. झऱ्याने आणून टाकलेलं पाणी त्या टाकीत रात्रभर साठतं आणि सकाळी तुम्ही ते उपसता. आता मामंजींच्या २ परसांचा हिशेब करा. २० फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे साधारण ८,९०० लिटर. २ परस म्हणजे १२ फूट, म्हणजे टाकी लाखभर लिटरने मोठी होईल. एका एकराला दोन इंचाचं एक पाणी द्यायचं तर २ लाख लिटर लागतात. म्हणजे ऊर फुटेस्तोवर सुरुंग लावून, मलबा काढून हाताशी काय आलं, तर अर्ध्या एकराचं एक पाणी. आणि तेसुद्धा झऱ्याने ती वाढीव टाकी भरून दिली तर. फेब्रुवारीत झराच आटत असेल, तर मोठी टाकी मोठी रिकामी राहील, एवढंच.

हा झरा येतो कुठून, हे एकदा नीट समजून घ्या. घरातल्या तिन्ही बाजू ज्यावर भांडतायत ते पाणी कुणीच पाहिलेलं नाही. दीर म्हणतात खाली आहे, मामंजी म्हणतात आणखी थोडं खाली आहे, पाणाड्या म्हणतो इथे आहे. तिघांच्याही डोळ्यांसमोर एकच चित्र असतं : जमिनीखाली कुठेतरी नदी वाहतेय, तिच्यापर्यंत पोचायचं. आपल्याकडच्या काळ्या दगडात अशी नदी नसते.

आपला दगड लाव्हाचा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो जमिनीच्या भेगांतून वर आला, पसरला, थंड झाला. पुन्हा आला, पुन्हा पसरला. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून जास्त भाग याच थरांचा बनलेला आहे. एकेक थर भाकरीसारखा आहे असं समजा. भाकरी टम्म फुगली की वर पापुद्रा सुटतो आणि खालचा भाग घट्ट राहतो. लाव्हाचंही तसंच झालं. वर येणारे वायूचे बुडबुडे थराच्या माथ्याशी अडकले, तिथला दगड पोकळ, भोकाभोकांचा झाला. खालचा गाभा मात्र गच्च राहिला. अशा भाकऱ्या दुरडीत एकावर एक रचल्यात. मध्ये कुठे कुठे तांबड्या गेरूचा पातळ पट्टा असतो. पाणी राहतं ते पापुद्र्यात आणि कुजलेल्या, भेगाळलेल्या दगडात, ज्याला आपण मांजऱ्या म्हणतो त्यात. घट्ट काळ्या कातळात ते फक्त भेगेतून शिरतं, भेग नसेल तर शिरतच नाही. जो थर पाणी धरतो आणि विहिरीला सोडतो त्याला अभ्यासक जलधर म्हणतात. तुमच्या विहिरीचा जलधर बहुधा त्या २५ फुटांच्या आसपासचा एक पापुद्रा आहे. बास, एवढीच तुमची नदी.

त्यात मावतं किती, तेही ऐका. आपल्या असल्या दगडातून शंभराला एक ते तीन या प्रमाणात पाणी सुटतं. गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी असते, तेवढा मोठा दगड घेतला तर त्यातून १० ते ३० लिटर, एखाद-दुसरी घागर. म्हणून आपल्या विहिरी एका चांगल्या पावसात तुडुंब होतात आणि एका जोरदार पंपाने तितक्याच पटकन बसतात. चार बोटं खोलीची परात आहे ही, भरायला वेळ लागत नाही आणि आटायलाही.

आता नानांची बोअर. तिने तुमचं पाणी ओढलं असेल का? असेल. पण तुम्ही समजताय तसंच असेल, असं नाही. ४२० फुटांवरचं पाणी आणि २५ फुटांवरचं पाणी ही दोन वेगळ्या भाकऱ्यांतली पाणी आहेत, मधे गच्च कातळ आहे. खालचं पाणी काढल्याने वरचं आपोआप आटत नाही. वरचं आटतं ते बोअरच्या नळकांड्यामुळे. बोअरवाले पैसे वाचवायला केसिंग पाइप, म्हणजे भोकाच्या भिंतीला आतून लावायचा पाइप, फक्त मुरमापुरता घालतात, १५-२० फूट. त्याखाली भोक उघडंच. मग २५ फुटांवरच्या पापुद्र्याला त्या भोकात एक नवी वाट सापडते आणि तिथलं पाणी आयतंच खाली कोसळतं. पंप चालू असो वा बंद.

हे कळतं कसं? नानांचा पंप बंद असताना बोअरच्या तोंडाशी कान लावायचा. वरून पाणी पडत असेल तर आवाज येतो. लांबच्या ओढ्यासारखा, कधी थेंबाथेंबाने टपटप. माझ्या माहेरी हा आवाज मी ऐकलाय. २००३ च्या दुष्काळात वडिलांनी एकामागून एक तीन बोअर मारल्या. पहिली कोरडी, दुसरीला दोन महिने दोन इंच पाणी, तिसरीत नुसती धूळ. आणि कोरड्या गेलेल्या पहिल्या बोअरशी उन्हाळ्यात बसलं की आत पाणी पडल्याचा आवाज यायचा. आमच्याच विहिरीचं पाणी ते. पैसे देऊन आम्ही आमच्या विहिरीला भोक पाडून घेतलं होतं. तिचं तोंड वेळेत बुजवायचं आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्हीही कुणाला विचारलं नाही, हेही खरंच.

तेव्हा नानांकडे जावं लागणार. तुम्हाला हे आवडणार नाही, कळतं मला. पण असं बघा, तुमच्या शिवाराच्या पोटात ४२० फूट डोकावलेला एकच माणूस आहे. पाणी पहिल्यांदा कितव्या फुटाला लागलं? खोदताना वर तांबडी धूळ कधी आली? काळी घट्ट धूळ किती वेळ येत राहिली? केसिंग किती फूट घातला? पाणी पहिल्या वर्षी किती होतं, आता किती आहे? ५०० फूट जाऊन काय सापडेल याचा यापेक्षा चांगला अंदाज तुम्हाला कोण देणार? पाणाड्याचा नारळ तर नाहीच. (पाणाड्यांवर माझा राग नाही. उंबर, वारूळ, ओढ्याचं वळण बघून जागा सांगणारे जुने जाणते मी पाहिलेत, ते माती वाचत होते. पण पावसाळ्यानंतर आपल्या भागात १५-२० फुटांवर जवळपास सगळीकडेच थोडंफार पाणी असतं, त्यामुळे नारळ बहुतेक वेळा खरा ठरतो. किती दिवस टिकेल हे तो सांगत नाही.)

मामंजींना पुढे घाला. नाना त्यांचे चुलत भाऊ ना? तुम्ही सून म्हणून गेलात तर ते अंगावर येतील. दोघे भाऊ बसले तर निदान चहा होईल. "तू पाणी चोरलंस" इथून सुरुवात केली तर ते तिथेच संपेल. "तुझ्या बोअरला केसिंग किती घातलाय, आमचं आणि तुझं दोघांचंही पाणी खाली जात असेल" असं म्हणून बघा. वरचं पाणी खाली कोसळत असेल तर ते नानांच्याही हिताचं नाही. त्यांच्या वावरातली जुनी विहीर आहे ना, तीही त्याच पापुद्र्यावर असणार. बोअरमध्ये वरचा पापुद्रा ओलांडून थेट घट्ट कातळापर्यंत पाइप उतरवता येतो आणि बाजूची फट सिमेंटने बंद करता येते. तो खर्च निम्मा तुम्ही उचला. तुमच्या स्वतःच्या बोअरच्या खर्चापुढे तो काहीच नाही.

आणि मग विहिरीचं पाणी २५ फुटांच्या खाली असेल तेव्हा दोघांनी मिळून साधी परीक्षा घ्या. एक पूर्ण दिवस दोघांचेही पंप बंद. तुमच्या विहिरीची पातळी संध्याकाळी आणि सकाळी मोजा. दुसऱ्या दिवशी तुमचा बंद, नानांचा नेहमीसारखा चालू. पुन्हा मोजा. दोन्ही रात्री पाणी सारखंच चढलं, तर नानांचा उपसा निर्दोष आहे. मग प्रश्न उरला तर त्या भोकाचा. दुसऱ्या रात्री कमी चढलं, तर त्यांच्या पंपाची गाठ तुमच्या झऱ्याशी आहे, आणि त्यावर बोलायला तुमच्या हातात तुमच्याच विहिरीचा आकडा आहे.

कायद्याचं विचारलंत म्हणून थोडक्यात. आपल्या जमिनीखालचं पाणी काढायचा हक्क मालकाला देणारा विचार १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातला, इंग्रजांच्या काळातला. जमिनीखालच्या पाण्याला बांध नसतो, हे त्यात धरलेलंच नाही. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल कायदा २०१४ पासून लागू आहे. त्यात ६० मीटरच्या, म्हणजे सुमारे २०० फुटांच्या खाली जाणाऱ्या बोअरवर बंधन आहे, आणि गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर-बोअर घेता येत नाही. आता हिशेब करा : नानांची बोअर ४२० फूट, दीर ५०० फुटांच्या गोष्टी करतायत. तक्रार घेऊन जाल त्या टेबलावर तुमच्या घराचाही कागद निघेल. तलाठी आणि तहसीलच्या चकरा मारण्यात जो उन्हाळा जाईल, त्यात नानांशी चार वेळा बोलून होईल.

आता उसाकडे येते. तुम्ही "तो मात्र मोडायचा नाही" असं लिहून दार लावून घेतलंय, म्हणून मी खिडकीतून बोलते.

तुमच्याकडे पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास. ४ एकरांवर तो पडला की ८० लाख लिटर होतात. त्यातलं बरंचसं वाहतं, वाफ होतं, पिकं पितात. आपल्या प्रकारच्या दगडात मुरतं ते शंभरात ७ ते १३, म्हणजे तुमच्या ४ एकरांतून जमिनीखाली जातं ते साधारण ६ ते १० लाख लिटर. आणि ऊस? उसाला वर्षाकाठी कमीत कमी १,५०० मिलिमीटर पाणी लागतं. पाऊण एकराला ४५ लाख लिटर. पावसाचे जास्तीत जास्त १५ लाख वजा करा. उरलेले ३० लाख कुठून येतात? विहिरीतून. तुमच्या ४ एकरांनी जमिनीला दिले ६ ते १० आणि एकट्या पाऊण एकर उसाने घेतले ३०. वरचे २० लाख कुणाच्या तरी रानात पडलेल्या पावसाचे आहेत. नानांच्या, माळावरच्या धनगरवाड्याच्या, ओढ्यापलीकडच्यांच्या. "आमचं पाणी ओढलं" हे वाक्य त्यांनाही तुमच्याबद्दल म्हणता येईल. ऊस कधी लावलात हे पत्रात नाही. विहीर लवकर आटायला लागली त्याच्या आधी की नंतर, ते वहीत लिहून बघा.

उभा ऊस मोडा असं मी म्हणत नाही. कारखान्याला जाऊ दे. पण यंदा खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांवरचं पुढचं पीक, ठेवू नका. तेवढ्या पाण्यावर ज्वारी, हरभरा, थोडा कांदा हे सगळं निघून वर फेब्रुवारी ओलांडता येईल. घरात हे कसं मांडायचं? "ऊस बंद" म्हणू नका, "एक वर्ष खोडवा न ठेवता विहीर बघू" म्हणा. मामंजींना विहिरीवर बोललेलं आवडतं, पत्रावरून तरी तसंच दिसतंय.

दिरांनी शेततळ्याचं काही काढलं तर तेही सांगून ठेवते. प्लास्टिक अंथरलेलं शेततळं विहिरीचं पाणी उपसून भरायचं, म्हणजे सावलीतलं पाणी काढून उन्हात ठेवायचं. ओढ्याचं पावसाळ्यातलं वाहून जाणारं पाणी धरणार असाल तर गोष्ट वेगळी.

हे सगळं पाहायला तुमच्याकडे वेळ आहे. संक्रांतीला अजून दोन महिने आहेत. दागिन्यांना आणि सोसायटीच्या कागदांना हात लावण्याआधी विहिरीची एक वही सुरू करा. शाळेची शंभर पानी चालेल. कठड्यावर एका जागी रंगाची खूण करा, मोजायचं ते नेहमी तिथूनच. एक दोरी घ्या, टोकाला नट-बोल्ट बांधा, दर फुटाला गाठ मारा. दर रविवारी सकाळी, पंप सुरू करायच्या आधी, दोरी सोडायची आणि पाणी किती फुटांवर आहे ते लिहायचं. शेजारच्या रकान्यात त्या आठवड्यात पंप किती तास चालला ते. पावसाळ्यात पाऊस किती झाला ते. काम पाच मिनिटांचं आहे. लेकरांना सांगितलं तर ती आनंदाने करतात, फक्त कठड्यावर वाकू देऊ नका.

ही वही काय सांगेल? पातळी २५ फुटांच्या वर असेल तोवर झरा बुडालेला असतो, तुम्हाला तो दिसत नाही. पाणी २५ फुटांखाली गेलं की भिंतीतून येणारं पाणी उघडं पडतं. त्या दिवशी पंप थांबवून दर तासाला दोरी सोडा. रात्रभरात ३ फूट चढलं तर २७,००० लिटर, हा तुमच्या झऱ्याचा त्या महिन्यातला एका रात्रीचा पगार. झरा उघडा पडल्यावर पाणी आणखी कितीही खाली नेलंत तरी त्याचा वेग वाढत नाही. विहीर खोल करण्याच्या वादाचा निकाल इथे लागतो, आणि तो मामंजींना तुम्ही सांगायची गरज नाही, दोरीच सांगेल. उलट, उघड्या कातळात २५ फुटांच्या खाली आणखी एखादी ओल, दुसरा पाझर दिसला, तर मामंजी बरोबर आणि मी चूक. तसंही होतं कधी कधी. नानांच्या बोअरची धूळ ५०-६० फुटांवर ओली आली असेल, तरीही मामंजींच्या म्हणण्यात तथ्य आहे.

झऱ्याची दिशा पश्चिम आहे असं म्हणालात. मग एका दुपारी पश्चिमेला चालत जा. ओढ्याच्या काठाने, माळाच्या दिशेने. ओढ्याची दरड कापलेली असते तिथे थर उघडे दिसतात. काळा गच्च, मग भोकाभोकांचा, कुठे कांद्याच्या पापुद्र्यांसारखा गोल गोल सुटणारा मांजऱ्या. भोकाभोकांचा थर जमिनीवर उघडा पडतो ती जागा सापडली, तर तुमची विहीर भरते ती तिथून. ती कदाचित तुमची नसेल, गायरान असेल, कुणाचं पडीक असेल. पण नाल्यावरचा जुना बांध गाळाने भरला असेल, तर तो मोकळा करायला चार जणांना तयार करण्याचा उपयोग तुमच्या वावरातल्या कुठल्याही खड्ड्यापेक्षा जास्त होईल. जाताना गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याला सोबत घ्या. कुठल्या विहिरी १९७२ च्या दुष्काळात टिकल्या, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्या एका ओळीत असतील तर ती ओळ कागदावर काढा.

सरकारचंही थोडं वापरून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने राज्याचे दीड हजारांवर पाणलोट पाडलेत आणि ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मेमध्ये मोजली जाते. जिल्ह्याला वरिष्ठ भूवैज्ञानिकांचं कार्यालय असतं. तिथे जाऊन आपल्या पाणलोटाचा क्रमांक आणि जवळच्या निरीक्षण विहिरीचे आकडे मागा. तुमच्या वहीशेजारी ते ठेवले की कळेल, तुमची एकट्याची विहीर खाली जातेय की सगळ्या परिसराची. सगळ्यांची जात असेल, तर नाना एकटे गुन्हेगार नाहीत.

गाव म्हणून हे करणारी गावं आपल्याकडे आहेत. साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातल्या रणदुल्लाबादने पुण्याच्या अ‍ॅक्वाडॅम संस्थेबरोबर आपल्या शिवाराखालचे जलधर समजून घेतले आणि बोअर बंद ठेवल्या. हिवरे बाजारने शेतीच्या बोअरला आणि उसाला नकार देऊन दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली, ते सगळ्यांना माहीतच आहे. तुमच्या दोन घरांनी एवढं केलं तरी सध्या पुष्कळ.

आणि इतकं करून शेवटी घरच्यांनी बोअर घ्यायचीच ठरवली तर? होतं असं. मग तीन गोष्टी ऐकून घ्या. केसिंग २५ फुटांवरचा पापुद्रा पूर्ण ओलांडून घट्ट कातळात किमान १० फूट तरी जायला हवा, आणि बाजूने सिमेंट. गाडीवाला "गरज नाही वहिनी" म्हणेल, तर त्याला सांगा, नाहीतर गाडी परत ने. दुसरं, किती फुटांवर थांबायचं हे गाडी यायच्या आधी ठरवा. रात्री दोनला, दोनशे फूट कोरडे गेल्यावर, दिरांच्या चेहऱ्याकडे बघून ठरवू नका. तिसरं, दर १० फुटांची धूळ वेगळ्या पिशवीत, वर फुटाचा आकडा. कोरडी गेली तर बोअर त्याच आठवड्यात तळापासून मातीने बुजवा, झऱ्याच्या थरापाशी सिमेंटचा घट्ट बूच द्या. पाण्यासाठीही आणि लहान पोरांसाठीही. विहिरीच्या तळात उभं बोअर मारायचं कुणी सुचवलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. खालच्या थरात पाण्याचा जोर कमी असेल तर विहिरीत साठलेलं तेवढंही गटकन खाली जातं.

त्या बोअरचं पाणी प्यायला वापरणार असाल तर आधी तपासून घ्या. खोल दगडातल्या पाण्यात फ्लोराइड वाढलेलं असू शकतं. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं तर ते पिऊ नये. विहिरीला उलट नायट्रेटची भीती, ते ४५ च्या आत असावं. तुमचा गोठा विहिरीपासून किती लांब आहे, तेही बघा.

दागिन्यांचं माझं मत विचारलं नाहीत, तरी सांगते. ते तुमचे आहेत. जमिनीखालच्या अंदाजावर ते लावू नका. नवऱ्याला "मी बघतो" म्हणायचं असेल तर त्याने येत्या रविवारी दोरी सोडायला विहिरीवर यावं.

विहीर रिकामी होईल तेव्हा आतल्या भिंतीचे फोटो काढा. एकट्याने उतरू नका. आधी कंदील सोडून बघा; विझला तर कुणीही उतरायचं नाही, आणि विझला नाही तरी वर दोन माणसं आणि कमरेला दोर हवाच. खाली डिझेल इंजिन चालवून उतरणं तर नकोच नको, त्याच्या धुराने माणसं गेलेली आहेत. झऱ्याशी पोचलात की भिंतीला एक खुणा केलेली काठी टेकवून फोटो घ्या, म्हणजे उंची कळेल. शेवाळ, ओल, नेचाची पानं कुठल्या पट्ट्यात आहेत ते दिसायला हवं. तांबडा थर दिसला तर त्याचा वेगळा फोटो. वहीची पानं आणि ते फोटो मला पाठवा. दोन्ही शेजारी ठेवून आपण पुन्हा बोलू, मामंजींनाही फोनवर घ्या.